चाळलेला भुसा

थोरलीच्या तबेल्यात पान मांडून जेवावं, असं लोक म्हणायचे. काही जण कौतुकानं म्हणायचे, काही खवचटपणे. थोरलीला दोन्ही सारखंच गोड लागायचं. घर दोन खोल्यांचं, आणि मागच्या खोलीची भिंत तीच तबेल्याची भिंत. घरात एखादवेळी खरकटी भांडी तशीच राहिली तरी चालतील, पण तबेल्यात लीद पडल्याचा आवाज आला की ती हातातलं टाकून धावायची. नवरा म्हणायचा, "या घरात दोन मालकिणी. एक खाते, एक खायला घालते. मी आपला मधल्या मध्ये हमाल." त्यावरून घोडीचं नावच मालकीण पडलं.

मालकीण तांबूस रंगाची, रुंद छातीची, ओढकामाची घोडी होती. डोंगराच्या उतारावर तोडलेले ओंडके ओढून खाली वखारीत आणायचे, हा या घराचा धंदा. जिथं ट्रॅक्टरचं चाक ठरत नाही तिथं घोड्याचा पाय ठरतो. लांब ओंडका एका घोड्याला झेपत नसे. मग थोरल्याची मालकीण आणि धाकट्या भावाचा ठोंब्या अशी जोडी जुंपायची. ठोंब्या नावासारखाच होता. चल म्हटलं की आधी थोडा विचार करायचा. दोघा भावांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या, ओंडका मात्र अजून एकत्र ओढला जात होता.

थोरलीचा दिवस तबेल्यातल्या झाडूनं सुरू व्हायचा. घोडीला वारा लागू नये म्हणून आधी दार लोटून घ्यायची आणि मग खराट्यानं कोपरान्कोपरा खरवडून काढायची. त्यानंतर भुशाचं पोतं. वखारीतून लाकडाचा भुसा हवा तेवढा मिळायचा, पण त्यात ढलप्या असत, काटक्या असत. तसला भुसा घोडीखाली घालायला तिचा जीव होत नसे. पिठाची एक जुनी मोठी चाळणी तिनं त्यासाठीच वेगळी काढली होती. मांडी घालून बसायची आणि पोतंच्या पोतं चाळायची. चाळणीतून पिठासारखा खाली पडायचा तो मालकिणीला. चाळणीवर राहायचं ते जाडंभरडं पोत्यात भरून धाकटीकडे. "घे, तुमच्या ठोंब्याला चालेल," असं म्हणून द्यायची. धाकटी घ्यायची.

खालचा ओला थर ती काढत नसे. खाली ऊब राहते, असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. लीद तेवढी उचलायची आणि वर नवा चाळलेला भुसा पसरायचा. बघणाऱ्याला वाटावं, पाहुण्यासाठी गादी घातली आहे. मग वाळलं गवत सोडवून, चांगलं झटकून, घोडीच्या डोक्याच्या वर टांगलेल्या जाळीत भरायची. जमिनीवरचं वेचून खायला मालकीण काय भिकारीण होती? तबेल्याला दोन झरोके होते. थंडी पडली की त्यांच्यावर गोणपाटं शिवली जायची.

धाकटीकडे तबेला म्हणावा असं काही नव्हतंच. चार खांब, वर पत्रा, वाऱ्याच्या बाजूला फळ्यांचा आडोसा. ठोंब्या तिथं ऊन, थंडी, पाऊस बघत उभा. अंगावर अस्वलासारखे केस वाढलेले. गवत जमिनीवर टाकलेलं, पाऊस आला की भिजायचं. थोरली येता-जाता बघायची आणि म्हणायची, "मुकं जनावर आहे म्हणून गप्प आहे बिचारं. माणूस असता तर घर सोडून गेला असता."

मालकीण खोकायची. सकाळी झाडताना एकदा, गवत ओढताना एखाददुसऱ्यांदा. थोरलीला त्यात काही वाटत नसे. माणूस नाही का उठल्यावर घसा साफ करत? ती स्वतःही झाडताना खाकरायची.

यंदा थंडीच्या तोंडाशी त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. थोरली आणि थोरला मुलीकडे गेले आणि मालकीण धाकट्याकडे राहिली. जाताना थोरलीनं धाकटीला एवढ्या सूचना दिल्या की धाकटी शेवटी म्हणाली, "ताई, घोडीचं बाळंतपण आहे की लेकीचं?"

परत आल्यावर थोरली घरात पाय न ठेवता आधी घोडीकडे गेली. मालकीण पत्र्याखाली ठोंब्याच्या मानेला मान लावून उभी होती. पोटापर्यंत चिखल, शेपटीत गवताच्या काड्या, केस वाढलेले. थोरलीनं तिच्या नाकाशी तळहात धरला. श्वास हळू, गरम आणि अगदी बिनआवाजी लागला. नाकपुड्या कोरड्या, स्वच्छ होत्या. हे तिच्या हाताला कळलं, आणि त्याच क्षणी तिला राग आला. घोडी आपल्यावाचून झुरली असेल, अशी तिची खात्री होती. मालकीण तर ठोंब्याला सोडून यायला तयार नव्हती, तिला ओढून आणावं लागलं.

घरी आणून थोरलीनं तिला घासली, धुतली, खरारा केला, दार लावून दुप्पट भुसा घातला. चार दिवसांत मालकीण खोकू लागली. आठवड्यानंतर नाकातून पांढरं यायला लागलं, आणि एका दुपारी वखारीच्या चढावर, सगळ्यांच्या देखत, ती थांबली. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून उभी राहिली आणि तिच्या दोन्ही कुशी आत-बाहेर होत राहिल्या. वखारवाला कट्ट्यावर बसला होता. तो म्हणाला, "घोडी आणलीस की लोहाराचा भाता आणलास?"

लोक हसले. थोरल्यानं ओंडका तिथंच सोडला, साज स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि घोडीला धरून बाजारातल्या रस्त्यानं पायी घरी आणलं. आल्यावर त्यानं तो साज अंगणात आपटला.

"काय झालंय हिला?"

"मला काय विचारता? भावाला विचारा. चिखलात ठेवली होती महिनाभर. छातीत गारठा भरलाय, तो आता बाहेर पडतोय."

"तिथून आली तेव्हा तर बरी दिसत होती."

"दिसायला काय!" थोरली म्हणाली. "दुखणं लगेच दिसतं का?"

हे बोलताना तिला तळहातावरचा तो श्वास आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिनं तो बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी हापशावर बायकांची रांग होती. धाकटी दोन बादल्या घेऊन मागून आली. थोरलीनं तिला बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटली. "या, या! माझी धडधाकट घोडी नेलीस आणि उकिरड्यात बांधलीस. आज तिला दोन पावलं टाकवत नाहीत. सांभाळता येत नव्हती तर नाही म्हणायचं होतंस!"

धाकटीचे कान लाल झाले. तिनं बादल्या खाली ठेवल्या. "ताई, आमच्याकडे ती एकदाही खोकली नाही हो."

"खोटं बोलतेस."

"नाही ताई. एकदाही नाही."

"खोटारडी! तोंडावर खोटं बोलते!" थोरली ओरडली. "मुक्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून तुझं फावतंय."

मग एकीनं धाकटीच्या बादलीकडे बघून आपली बादली जरा दूर ओढली. धाकटीनं नंबर येईपर्यंत वाट पाहिली, पाणी भरलं आणि गेली. उलटून बोललं तर भांडण होतं. ती बोललीच नाही, त्यामुळे थोरली जिंकली असं सगळ्यांनी धरलं, थोरलीनंही.

हापशावरचं बोलणं वखारीत पोहोचायला कितीसा वेळ लागतो? वखारवाल्यानं धाकट्याला सांगितलं, "सख्ख्या भावाची घोडी तुला सांभाळता आली नाही, माझा माल काय सांभाळणार?" ठोंब्याचं काम बंद झालं. ज्याला डोंगरावरचे सगळे उतार तोंडपाठ होते, तो धाकटा त्याच वखारीत फळ्या रचायला लागला. दोघे भाऊ एकमेकांसमोरून जायचे आणि एक आकाशाकडे बघायचा, एक चपलेकडे.

इकडे थोरलीनं कंबर कसली. घोडी आजारी, म्हणजे स्वच्छता आणखी हवी. ती तीनदा झाडू लागली. भुसा दोनदा चाळू लागली. दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली. माशा नकोत आणि ऊब राहावी म्हणून कोपऱ्यात धुमसती शेगडी ठेवली. जितकं ती करत गेली तितकी घोडी खंगत गेली. आता उभ्या जागीही नाकपुड्या फेंदारलेल्या असायच्या, आणि बरगड्यांच्या कडेनं पोटावर एक चर पडला होता, दोरीनं आवळल्यासारखा. थोरली त्या चरावर हात ठेवून बसायची. "काय केलं गं तुझं त्यांनी," म्हणायची.

एके दिवशी थोरला म्हणाला, "दलालाला निरोप दिलाय. बाजाराच्या दिवशी येईल."

दलाल कसली घोडी घेतो आणि कुठं नेतो, हे कुणी कुणाला विचारत नाही. थोरलीनं हातातली चाळणी खाली ठेवली. "त्याआधी डॉक्टर आणा. जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या नवीन बाई. त्या नाही म्हणाल्या तर मग घेऊन जाऊ दे."

डॉक्टरीणबाई तरुण होती, पायात चिखलाचे बूट. तबेल्यात आली, दोनदा पापण्या मिटल्या आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोरलीला वाटलं, नाजूक दिसते, वास सोसत नाही. बाईनं घोडीच्या छातीला नळी लावून दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं. मग पोटावरच्या चरावरून बोट फिरवलं. "हे बघा. श्वास आत जातोय, पण बाहेर टाकायला तिला पोट आवळावं लागतंय. रोज आवळून आवळून हा चर पडलाय. ताप नाही, गारठा नाही." मग ती थोरलीकडे वळली. "काकू, तुम्ही रोज सकाळी इथं काय काय करता, ते मला करून दाखवाल?"

थोरलीला इतका आनंद झाला की दुखणं क्षणभर विसरली. आजवर कुणी तिला असं विचारलंच नव्हतं. तिनं खराटा घेतला आणि एकही कोपरा न सोडता झाडलं. मांडी घालून चाळणी धरली, भुसा चाळला, हातानं सारखा पसरला. गवताची पेंढी सोडून घोडीच्या तोंडासमोर झटकली आणि जाळीत भरली. "दार तेवढं लोटते," ती म्हणाली.

"नको," बाई म्हणाली. "आज उघडंच राहू दे." आणि तिनं दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली.

सकाळचं ऊन तिरपं आत आलं. त्या उन्हात जमिनीपासून आढ्यापर्यंत धुरळा उभा होता. तो खाली बसतच नव्हता. घोडीच्या डोक्याभोवती तर तो इतका दाट होता की तिचे कान धूसर दिसत होते. थोरली रोज दार लावून झाडायची, त्यामुळे तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं. मालकीण खोकली. एकदा नाही, मान खाली घालून खोकत राहिली, आणि ती थांबली तेव्हा थोरलीला ठसका लागला. दोघी आळीपाळीनं खोकत होत्या.

"तुमचा खोकला कधीपासूनचा?" बाईनं विचारलं.

"मला कुठं खोकला?" थोरली खोकता खोकता म्हणाली.

बाई हसली नाही. तिनं बुटाच्या टाचेनं तो पांढरा भुसा बाजूला केला. खाली काळा, चिकट थर होता. त्यातून मुताचा असा उग्र भपका आला की थोरल्यानंही नाक धरलं. जिथं पान मांडून जेवावं म्हणतात, तिथंच. थोरलीला वाटलं, पटकन पुढं होऊन पायानं तो भुसा परत ओढून घ्यावा. परक्या बाईसमोर कुणी आपल्या अंगावरचं फेडावं, तसं तिला झालं.

"हे सगळं ती चोवीस तास ओढते," बाई म्हणाली. "जाड भुसा जमिनीवर राहतो, बारीक हवेत उडतो. गवतात बुरशीची पूड असते, ती तुम्ही तिच्या नाकासमोर झटकता आणि नाकाच्या वर टांगता. त्यात खालचा वास, वर शेगडी आणि झरोके बंद. काकू, चाळणीवर राहतं ते कुठं जातं?"

"ते... देऊन टाकते."

"म्हणजे चांगलं दिलंत आणि वाईट ठेवलंत." ती सरळ बोलली, टोमणा म्हणून नाही. "औषध देते, पण औषधानं फक्त आराम पडेल. तिला मोकळी हवा पाहिजे. वर छप्पर, बाजू उघड्या, गवत पाण्यात भिजवून, जमिनीवर. थंडी घोड्याला सोसते, धुरळा सोसत नाही. बरं, मध्ये कधी ती अशी मोकळ्यावर राहिली होती का? तेव्हा कशी होती?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईनंही पाहिलं. तळहात जणू पुन्हा त्या नाकाशी गेला. कोरड्या नाकपुड्या, हळू श्वास.

"आठवत नाही," थोरली म्हणाली.

बाई गेल्यावर थोरला गव्हाणीच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "तुला आठवत होतं." शिव्या घातल्या असत्या, हातातलं काही फेकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, झरोक्यांवरची गोणपाटं फाडून काढली आणि दलालाला येऊ नको म्हणून सांगायला गेला.

त्यांच्या घराला मोकळी जागा नव्हती. तिन्ही बाजूंनी भिंती, समोर गल्ली. सबंध वस्तीत वर छप्पर आणि बाजू उघड्या अशी एकच जागा होती, आणि ती थोरलीला डोळे मिटूनही सापडली असती. दिवसभर तिनं दुसरी जागा शोधून पाहिली. शाळेमागची पडवी, वखारीचं कोठार. शेवटी तिलाच स्वतःची लाज वाटली. घोडी इकडे श्वासाला महाग झालेली, आणि आपण आपलं तोंड कुठं लपवायचं त्याची जागा शोधतोय.

ती मालकिणीला घेऊन गेली तेव्हा धाकटी पत्र्याखाली लीद भरत होती. थोरलीनं वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी तोंडाशी येऊन अडकली. "घोडी ठेवशील का?" एवढंच बाहेर पडलं. "डॉक्टरीण म्हणाली, मोकळ्यावर ठेवा."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. घोडीकडे पाहिलं, पोटावरच्या चराकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. मग म्हणाली, "जागा आहे. आणा आत."

ठोंब्यानं थोडा विचार केला आणि सरकून जागा दिली. मालकिणीच्या खुरांखाली जाडजाड ढलप्या कुरकुरल्या. थोरलीनं त्या ओळखल्या. तिच्याच चाळणीवरच्या होत्या.

त्या दिवसापासून थोरली रोज तिकडं राबू लागली. आडोशाच्या मागं जुनं पिंप होतं. त्यात गवत बुडवायचं, दाबून धरायचं, निथळायचं आणि काढून जमिनीवर टाकायचं. एकदम करून ठेवता येत नसे, नासायचं. म्हणून सकाळी, दुपारी, संध्याकाळी. थंडीत पाणी हाताला चावायचं. बोटांना भेगा पडल्या, कोपरापर्यंत बाह्या ओल्या राहायच्या. धाकटी लीद काढायची, पाणी आणायची. दोघी एका पत्र्याखाली, आणि बोलणं एवढंच: "बादली द्या." "ही घ्या." धाकटीनं एकदाही जुना विषय काढला नाही. थोरलीला वाटायचं, काढावा तिनं. एकदा तोंडावर थुंकावं आणि मोकळं करावं. पण धाकटी रागही पुरवून पुरवून वापरणाऱ्यातली होती.

मालकिणीचा खोकला आधी कोरडा झाला, मग सुटा सुटा झाला. नाकातलं पांढरं थांबलं. एका दुपारी थोरलीनं पाहिलं तर घोडी मान खाली घालून ओलं गवत चघळत होती आणि तिच्या कुशी जवळजवळ हलत नव्हत्या. थोरली पिंपाशी उभी राहून रडली. धाकटीनं पाहिलं आणि दुसरीकडं वळून ठोंब्याच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिली.

रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबायच्या. "काय थोरली, आता मुक्काम इकडं?"

"हवापालट," थोरली म्हणायची.

मग एक दिवस हापशावरचीच एक जण, चांगली चारजणींत उठबस असलेली, आडोशापाशी उभी राहून म्हणाली, "थोरले, मन मोठं तुझं. जिनं घोडी बिघडवली तिच्याच दारात येऊन राबतेस. दुसरी असती तर उंबरा चढली नसती. आणि हिला बघा, हिला काही आहे का त्याचं!" ती धाकटीकडे बोट दाखवत होती. धाकटी चार पावलांवर बादली घेऊन उभी होती.

थोरलीचे हात पिंपात होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत. एक शब्द बोलायचा होता, "नाही." तोही निघाला नाही. बाई कौतुक करून गेली. धाकटीनं बादली ओतली. गवतावर पाणी पडत राहिलं आणि थोरलीला त्या पाण्यात डोकं बुडवून ठेवावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईनं हलकं काम चालेल म्हटल्यावर थोरल्यानं मालकिणीला फळ्यांच्या छोट्या गाडीला जुंपलं. थोरली बरोबर गेली, घोडीच्या डोक्याशी चालत. चढ आला. मालकीण चढली, थांबली नाही. वखारवाला कट्ट्यावरून उठून आला आणि घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "वा! थोरलीबाई, तुम्ही राखलीत हिला. धाकट्याच्या हातून गेलीच होती."

फळ्यांच्या थप्पीवर धाकटा उभा होता. त्यानं ऐकलं आणि पुढची फळी उचलली.

"त्याच्या हातून नाही गेली," थोरली म्हणाली.

"काय?"

"घोडी मी बिघडवली." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्यांच्याकडे ती चांगली होती. घरी आणून मी बिघडवली. भुसा चाळून घालत होते."

"चाळून?"

"पिठाच्या चाळणीनं. जाड टाकायचे, बारीक घालायचे. तो तिच्या छातीत गेला."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग करवतीवरचा माणूस म्हणाला, "चाळलात, मग मळायचा पण होता की!" आणि अख्खी वखार हसली. हमाल हसले, वखारवाला पोट धरून हसला. थोरली मध्ये लगाम धरून उभी होती. तिला थोरल्याकडे बघवलं नाही. धाकटा तेवढा हसला नाही. तो फळी हातात धरून तसाच थांबला होता.

हसून झाल्यावर वखारवाल्यानं डोळे पुसले. "म्हणजे याची काहीच चूक नव्हती?"

"नव्हती."

"मग इतके दिवस का बोलला नाहीत बाई? हा इथं फळ्या वाहतोय!"

थोरली हातातला लगाम उगाच गुंडाळत राहिली. मग वखारवाला धाकट्याला म्हणाला, "ती फळी ठेव. उद्या ठोंब्याला घेऊन ये. जोडी जुंपा."

लगाम थोरल्याच्या हाती देऊन थोरली वाट तुडवत थेट धाकटीकडे गेली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. लोक हसले ते हसले, पण सांगून झालं, संपलं. ती धापा टाकत पत्र्याखाली आली.

"अगं, सांगितलं मी! वखारीत, सगळ्यांसमोर. माझी चूक होती म्हणून सांगितलं. भावजींना काम परत मिळालं. उद्यापासून."

धाकटी गवत पिंपात दाबत होती. तिनं हात पुसले. "बरं झालं," ती म्हणाली. "यांचं काम गेलं होतं, ते यांना मिळालं."

थोरली थांबली. आणखी काहीतरी येईल असं तिला वाटलं होतं. धाकटी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होती.

"ताई, मला खोटारडी म्हणालात ते हापशावर. वखारीत हापशावरच्या बायका नव्हत्या."

ती एवढंच बोलली आणि पुन्हा पिंपाकडे वळली. आवाज चढला नव्हता. गवत भिजवायला पाणी संपलं आहे, अशा सुरात ती बोलली होती. आणि पाणी खरोखरच संपत आलं होतं.

वखारीत सगळे पुरुष होते. हसले आणि विसरले. हापशावर विसरत नाहीत. ज्या बायकांनी तिच्या तबेल्याचं कौतुक केलं, तिचं मन मोठं म्हटलं, त्या तिथं होत्या. उद्यापासून तिला त्यांच्या रांगेत रोज उभं राहायचं होतं, मरेपर्यंत. तिनं दोन्ही बादल्या उचलल्या.

रांग नेहमीसारखीच होती. तिला बघून पुढच्या दोघींनी मानानं जागा दिली. "ये थोरले, तुला घोडीचं करायचं असतं. पुढं हो." थोरली पुढं झाली नाही. बादल्या खाली ठेवल्या. तोंड उघडलं आणि तिला ठसका लागला, तो जुना सकाळचा. बायका थांबल्या. एकीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. तो हात थोरलीला नको होता.

"आमची धाकटी खरं बोलत होती," ती म्हणाली.

हापसा चालू होता. त्याच्या करकरण्यात मागच्या बाईला काही ऐकू आलं नाही. "काय म्हणतेय?" तिनं विचारलं. हापसणारीनं दांडा धरून ठेवला, आवाज थांबला, आणि सगळ्या थोरलीकडे बघू लागल्या.

थोरलीनं ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.